शून्य कुठे टाकलंस?

सत्त्याहत्तर! म्हणे, "सर, सत्त्याहत्तर चारअंकी संख्या ६१७४ वर येतच नाहीत. कापरेकरांचा नियम सरसकट खरा नाही." आणि हे सांगताना तुझ्या चेहऱ्यावर काय तो आनंद! जणू देवळालीच्या मास्तरांची चूक नांदगावच्या पोराने पकडली. अरे लेका, खरोखर पकडली असतीस तर मी स्वतः पेढे वाटले असते. पण त्या सत्त्याहत्तरमधली एक तरी संख्या हाताने करून बघितलीस का? एक. फक्त एक.

नाही ना? मग आत्ता कर. मोबाईल पालथा ठेव. पेन नसेल तर माझं घे, तेही दरवेळसारखं परत द्यायला विसरशील.

२१११ घे. तुझ्याच यादीतली आहे. नियम एवढाच: अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावायचे, मोठीतून लहान वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच, शेवटी ६१७४ यायला हवेत. अंक उतरत्या क्रमाने लाव, २१११. चढत्या क्रमाने लाव, १११२. वजा कर. आले ९९९. आता पुढे? तुझ्या प्रोग्रामने ९९९ मधून ९९९ वजा केले, शून्य मिळवलं आणि संख्या नापासांच्या यादीत ढकलली. तू ती यादी छापून, स्टेपल करून माझ्यासमोर ठेवलीस. चार अंकांचा खेळ चालला होता ना? मग चौथा अंक कुठे गेला? कुणी खाल्ला? ते ९९९ नाही, ०९९९ आहे. पुढचं शून्य जागेवर ठेव आणि चालू लाग. ९९९० वजा ०९९९, ८९९१. ९९८१ वजा १८९९, ८०८२. ८८२० वजा ०२८८, ८५३२. ८५३२ वजा २३५८ किती? मोठ्याने सांग. शेजारच्या घरात ऐकू जाऊ दे.

६१७४. पाच वजाबाक्या. चौथीतल्या मुलीने दहा मिनिटांत केल्या असत्या, आणि तिने शून्य खाल्लं नसतं, कारण तिच्या बाई चार घरं आखून देतात.

आता त्या यादीकडे पुन्हा बघ. सत्त्याहत्तरपैकी नऊ तर ११११, २२२२ अशा. चारही अंक सारखे असले की वजाबाकी शून्यच येणार, म्हणून त्या नियमातच वगळलेल्या आहेत. उरल्या अडुसष्ट. १०००, १०११, १२२२, ७८७७, ९९८९. दिसतंय काही? तीन अंक सारखे, चौथा त्यांच्याहून एकने कमी किंवा एकने जास्त. अडुसष्टच्या अडुसष्ट अशाच! एवढा उघडा साचा समोर पडलेला, आणि तुला संशयही आला नाही? चूक होण्याबद्दल मी बोलतच नाही. कागद हातात असून तू तो वाचला नाहीस, याबद्दल बोलतोय.

"कोड माझं नव्हतं सर, ग्रुपवर आलं होतं." हे तर आणखी छान. प्रोग्राम उसना, चूक उसनी, फुशारकी तेवढी घरची! मी काही संगणकाचा वैरी नाही. तू स्वतः लिहिला असतास, शून्य हरवलं असतं, शोधून सापडलं असतं, तर त्या एका संध्याकाळीत तू पुष्कळ शिकला असतास. पण तू काय केलंस? बटण दाबलं आणि निकालाची वाट बघितलीस. त्याला गणित म्हणत नाहीत. त्याला निकालाच्या दिवशी शाळेच्या फलकासमोर उभं राहणं म्हणतात.

बरं, नियम खरा आहे हे पटलं. का खरा आहे, हे विचारलंस कधी? तो व्हिडिओ तू मला तीनदा पाठवलास. जादुई संख्या, थक्क करणारी संख्या, शेवटी ढोल वाजतात. ढोल वाजले की तुझं समाधान होतं. माझं होत नाही, आणि तुझंही व्हायला नको होतं, कारण तुला बीजगणित येतं. तेच तर माझं दुखणं आहे. वर्गातली निम्मी मुलं वजाबाकीच्या हातच्याला अडखळतात, त्यांना मी असं बोलतो का कधी? तुला बोलतो, कारण तुला येतं आणि तू करत नाहीस.

अंक मोठ्यापासून लहान असे अ, ब, क, ड धर. मोठी संख्या हजार अ, शंभर ब, दहा क आणि ड. लहान संख्या त्याच्या उलट. वजा कर. उरतं काय? ९९९ गुणिले (अ वजा ड), अधिक ९० गुणिले (ब वजा क). बस्स. दोन ओळींचं काम. आता या दोन ओळींकडे जरा टक लावून बघ. चारही अंक गळून पडले. उरले दोन फरक, एक टोकांच्या अंकांचा, एक मधल्या अंकांचा. टोकांचा फरक १ ते ९ यांपैकी काहीतरी. मधला त्याहून मोठा असूच शकत नाही. टोकांचा १ असेल तर मधला ० किंवा १, म्हणजे दोन जोड्या. टोकांचा २ असेल तर तीन. ९ असेल तर दहा. दोनपासून दहापर्यंत बेरीज कर.

चोपन्न.

नऊ हजार संख्या तपासायच्या म्हणून तुला लॅपटॉप हवा होता. लॅपटॉपसाठी बापाच्या मागे लागला होतास, कांद्याला भाव नसताना. तपासायच्या होत्या चोपन्न! वहीची दोन पानं, एक संध्याकाळ. तुझे ते अडुसष्ट कुठे बसतात माहीत आहे? टोकांचा फरक १, मधला ०. चोपन्न खान्यांपैकी एकच खाना. आणि ६१७४? टोकांचा फरक ६, मधला २. ९९९ चे सहापट ५९९४, अधिक १८०. झाले ६१७४. आता ६१७४ चे स्वतःचे फरक काढ. सातातून एक गेला, सहा. सहातून चार गेले, दोन. संख्या फिरून स्वतःच्याच खान्यात येते, म्हणून जागची हलत नाही. चोपन्नही खाने पुरे केलेस की दिसेल, सातच्या पुढे एकही पायरी कुणाला लागत नाही. कुठे आहे जादू? कुठे आहेत ढोल? पण मला विचारशील तर हे जादूपेक्षा फार सुंदर आहे. आणि हे तुला कुणी व्हिडिओत दाखवणार नाही, ते स्वतःच बघावं लागतं.

आता तुझी ठेवणीतली सबब. "नांदगावात काय आहे सर? ना लायब्ररी, ना कोणी मार्गदर्शन करणारं. नाशिकला, पुण्याला असतो तर..."

थांब. भुसावळ–देवळाली शटल ऐकली आहेस ना? वर्षानुवर्षं आपल्या फलाटावर थांबत आलेली गाडी. तिच्या पाटीवर जे देवळाली लिहिलेलं असायचं, तिथेच दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचा माणूस १९३० ते १९६२ शाळेत शिकवत होता. विद्यापीठात नाही, शाळेत. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच लोहमार्गावर, इथून शंभरेक किलोमीटरवर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. शाळा ठाण्यात. मग फर्ग्युसन कॉलेज, तिथे १९२७ साली स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक. १९२९ ला पदवी. त्यापुढे ना एम.ए., ना पीएच.डी., ना कुणी मार्गदर्शक. दिवसभर पोरांच्या वह्या तपासायच्या आणि उरलेल्या वेळात आकडे मांडायचे. १९४९ साली त्यांनी ६१७४ चं हे प्रकरण मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. तेव्हा अख्ख्या भारतात संगणक नव्हता. तुझ्या खिशात एक आहे, टेबलावर एक आहे, आणि तुला अंगण वाकडं दिसतं?

लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं असं समजू नकोस. आपल्याकडच्या मोठ्या गणितींनी या कामाला पोरखेळ म्हटलं. मोठी नियतकालिकं छापत नसत, तर हा माणूस पदरमोड करून पुस्तिका छापायचा. मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं ते मार्च १९७५ मध्ये. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. पेन्शन पुरत नव्हती म्हणून शिकवण्या करत होते. एवढ्या वर्षांत कुणी टाळी वाजवली नाही, म्हणून त्यांनी वही बंद केली का? तू स्टेटस टाकतोस, तासाभरात चाळीस जणांनी बघितलं नाही तर काढून टाकतोस.

गाव लहान म्हणे! एके काळी वेरूळची लेणी बघायला जगभरातून येणारे लोक याच नांदगावच्या स्टेशनावर उतरायचे आणि पुढे टांग्या-बैलगाड्यांतून जायचे. गाव तेव्हाही लहानच होतं. वाटेत नांदगाव लागतं म्हणून कुणी वेरूळ सोडलं नाही.

आता तुझी वही काढ. ती निळी. लपवू नकोस, मला माहीत आहे तू सुरुवात केली होतीस. म्हणून तर जास्त राग येतो. मागच्या पावसाळ्यात मी तुला स्वयंभू संख्या सांगितल्या होत्या. कापरेकरांचंच अपत्य, देवळाली संख्या असंही त्यांना म्हणतात. कुठलीही संख्या घे, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळव. २१ घे, २ आणि १ तीन, झाले २४. २४ मध्ये सहा, ३०. मग ३३, मग ३९. म्हणजे २४ ची जनक संख्या २१. पण काही संख्यांना जनकच नसतो. कुठल्याही संख्येपासून त्या अशा तयार होत नाहीत, त्या स्वयंभू. तू शोधायला बसलास. पान उघड. १, ३, ५, ७, ९. मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. सगळ्या बरोबर! अक्षरही त्या दिवशी नीट आलंय. आणि खाली काय लिहिलंय? वाच. "नऊनंतर दर वेळी अकराने वाढतात. नियम सापडला." त्याखाली दोन रेघा. त्यापुढे सहा महिने कोरी पानं.

कुणी सांगितलं रे नियम सापडला? शंभराच्या आत सगळं नीट बसलं, म्हणजे पुढेही बसणार? ९७ अधिक ११, १०८. हो, १०८ स्वयंभू आहे. तुझं नशीब एक पाऊल टिकलं. आता १०८ अधिक ११, ११९. स्वयंभू? १०९ घे. एक, शून्य, नऊ, बेरीज दहा. १०९ अधिक १० किती? ११९! गेला तुझा नियम. आणि ११९ च्या आधी ११० उभी आहे, तिला जनक नाही. खरं वाटत नसेल तर ९२ पासून १०९ पर्यंत अठरा संख्या तपासून बघ, कारण ११० पेक्षा लहान संख्येच्या अंकांची बेरीज अठरापेक्षा जास्त होत नाही. अठरा बेरजा. तुझ्या त्या दोन रेघा मारायला जेवढा वेळ लागला, त्याहून थोडा जास्त.

इथे शतक का आडवं आलं, हा खरा प्रश्न होता. ९९ वरून १०० वर जाताना अंकांची बेरीज अठरावरून धाडकन एकवर येते. सगळी गंमत त्या घसरणीत आहे. तिथेच आणखी एक मजा दडलेली होती, तुला सापडली असती. १०१ ला दोन जनक आहेत. ९१ अधिक १० म्हणजे १०१, आणि १०० अधिक १ म्हणजेही १०१. अशा संख्यांना कापरेकर जंक्शन संख्या म्हणत. मनमाड जंक्शन आपल्याच तालुक्यात आहे, तेव्हा ही कल्पना तुला कुणी समजावून सांगायला नको. मग तीन जनक असलेली सगळ्यात लहान संख्या कुठली? ती चौदा अंकी आहे, एकावर बारा शून्यं आणि पुन्हा एक. १०,०००,०००,०००,००१. चार जनकांची त्यांनी १९६१ मध्ये शोधली, ती पंचवीस अंकी. पंचवीस! हाताने! तू ९७ वर थकलास.

आता म्हणशील, "त्यांना वेळ होता सर." उचलली जीभ लावली टाळ्याला. शाळामास्तराला वेळ असतो? मला विचार. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, शिवाय तुझ्यासारख्यांची गाऱ्हाणी. वेळ तुला आहे. वीज जाते तेव्हा ओट्यावर बसून तू जे करतोस त्याला वेळ म्हणतात. तो तू कशात घालवतोस हे मला तुझ्या आईने सांगितलंय, इथे सगळ्यांसमोर सांगू का?

२०२५ साल उजाडलं तेव्हा आठव. सकाळी सहाला तुझा मेसेज. ४५ चा वर्ग २०२५. २० अधिक २५ पुन्हा ४५. एक ते नऊच्या घनांची बेरीजही २०२५. फटाके, फुलं, हात जोडलेली बाहुली. मी उलट एवढंच विचारलं होतं, "अशा आणखी किती दोनअंकी?" दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. आजतागायत नाही.

४५ सारख्या संख्यांना जग कापरेकर संख्या म्हणतं. ५५ चा वर्ग ३०२५, ३० अधिक २५ पंचावन्न. ९९ चा ९८०१, ९८ अधिक ०१ नव्व्याण्णव. दोनअंकी एवढ्याच तीन. मला पाठ आहेत म्हणून सांगत नाही, सिद्ध होतं म्हणून सांगतो. वर्गाचा डावा तुकडा प, उजवा फ. वर्ग म्हणजे शंभर प अधिक फ. संख्या म्हणजे प अधिक फ. वर्गातून संख्या वजा केली की उरले नव्व्याण्णव प. म्हणजे संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला ९९ ने पूर्ण भाग जायला हवा. ४५ गुणिले ४४, १९८०. वीस नव्व्याण्णव. आणि ९९ म्हणजे नऊ गुणिले अकरा. लागोपाठच्या दोन संख्यांत सामाईक विभाजक नसतो, म्हणून नऊ पूर्णपणे एकीच्या वाट्याला, अकरा एकीच्या. अशा वाटण्या चारच. एकीतून १ निघतो, एकीतून ४५, एकीतून ५५, एकीतून ९९. पाचवी वाटणीच नाही, तर पाचवी संख्या कुठून येणार? दहावीतलं गणित आहे हे. दहावीत तुला किती होते गणितात? मी तपासलाय तो पेपर. सराव परीक्षेत शेवटचा प्रश्न वर्गात एकट्या तू सोडवला होतास. तोच तू एका फॉरवर्डवर थांबतोस?

तीनअंकीत गेला असतास तर २९७ आणि ७०३ भेटल्या असत्या. ८८२०९ चे ८८ आणि २०९, बेरीज २९७. ४९४२०९ चे ४९४ आणि २०९, बेरीज ७०३. दोन्हीकडे २०९ का? आणि २९७ अधिक ७०३ बरोबर हजार का? ४५ अधिक ५५ बरोबर शंभर का? विचार करायला लागलास ना? कपाळावर आठी आली. हीच आठी मला हवी असते आणि तू ती मोबाईलच्या उजेडात पुसून टाकतोस. चारअंकीत २२२३ चा वर्ग कर, ४९४१७२९. तुकडे ४९४ आणि १७२९. तो रामानुजनचा टॅक्सीवाला १७२९ इथे उजव्या तुकड्यात बसलेला आहे! आता दहा हजारातून २२२३ वजा कर, ७७७७. त्याचा वर्ग ६०४८१७२९. पुन्हा १७२९. ६०४८ अधिक १७२९ किती होतात ते मी सांगणार नाही. आणि त्याच १७२९ च्या अंकांची बेरीज एकोणीस. १९ ने भागून बघ, बरोबर ९१. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद संख्या, आनंद देणारी, हे नावही कापरेकरांचंच. ६१७४ ची बेरीज अठरा. अठराने भाग, येतात ३४३, म्हणजे साताचा घन. मला यात आनंद होतो. तुला होतो की नाही हे तू अजून बघितलेलंच नाहीस, कारण भागाकार तू केलेलाच नाहीस.

मध्यंतरी तू एक नवीन ढाल आणलीस. हार्डीची. रामानुजनला केंब्रिजला नेणारा हार्डी आपल्या १९४० च्या पुस्तकात म्हणतो की चार अंकांत ८७१२ आणि ९८०१ याच दोन संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत, पण असल्या गोष्टींत गणितीला रस वाटावा असं काही नाही. वाचलंस, आनंदलास. चला, मोठ्या माणसाने सांगितलं, आता करायला नको! हार्डीचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. मीही मान्य करतो. दहाच्या जागी आठ अंकांची मोजणी घेतली तर यातली बरीच नवलाई उडून जाते. अंकांच्या लिखाणावर उभी असलेली गोष्ट आणि संख्येच्या अंगात असलेली गोष्ट यांत फरक आहे, आणि तो कळलाच पाहिजे. पण हार्डीने आयुष्यभर मूळ संख्यांशी झुंज घेऊन मग हे म्हटलं. तू कशाशी झुंज घेतलीस? मोठं काम करतोय म्हणून लहान सोडलं, हे मी ऐकून घेईन. मोठं करत नाहीस, लहान कमी दर्जाचं म्हणून करत नाहीस. मग करतोस काय? आणि हार्डीचे ते ९८०१ जरा ओळख. ९९ चा वर्ग. आणि उलट केल्यावर येणारे १०८९ तुझ्या चोपन्न खान्यांपैकी टोकांचा फरक १, मधला १ या खान्याचं उत्तर आहे. हार्डीने नाक मुरडलेली संख्या तुझ्या वहीत दोन वाटांनी येऊन उभी राहते. वही उघडी असती तर दिसलं असतं.

"पण सर, सगळं शोधून झालंय ना आता?" कुणी सांगितलं? १९६ घे. उलट कर, ६९१. बेरीज ८८७. पुन्हा उलट, पुन्हा बेरीज. उलटसुलट सारखी वाचता येणारी संख्या मिळेपर्यंत चाल. ८९ ला चोवीस पायऱ्या लागतात, पण मिळते. १९६ ला मिळते का? संगणकांनी कोट्यवधी अंकांपर्यंत रेटलं, मिळाली नाही. आणि कधीच मिळणार नाही हेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. पाचवीच्या पोराला समजणारा प्रश्न, जगात कुणाकडे उत्तर नाही. हर्षद संख्यांचं बघ. लागोपाठ जास्तीत जास्त वीस हर्षद संख्या येऊ शकतात, एकवीस कधीच नाही, हे कूपर आणि केनेडी या दोघांनी सिद्ध केलं १९९३ मध्ये. फार जुनी गोष्ट नाही. आणि तिकडे अमेरिकेत याच संख्यांना निव्हेन संख्या म्हणतात, १९७७ च्या एका व्याख्यानावरून. वाईट वाटतं ना? मलाही वाटतं. पण अभिमानाचा मेसेज पुढे ढकलून ते नाव परत येणार नाही. कुणीतरी काम करावं लागतं.

"स्पर्धा परीक्षेत हे विचारत नाहीत" हेही तुझं वाक्य. नाही विचारत. मग तू स्पर्धा परीक्षेचा तरी अभ्यास करतोस का? त्या पुस्तकांवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. गणित नको कारण परीक्षा आहे, आणि परीक्षा नको कारण मन गणितात आहे. दोन्ही दगडांवर पाय आणि दोन्हीवर बसकण! बापाला एक सांगायचं, मला दुसरं. आम्ही दोघे बाजारात भेटतो रे. बोलतो एकमेकांशी.

तुला येत नाही म्हणून तू करत नाहीस, असं तू स्वतःला सांगतोस. सोपं पडतं ते. न येणाऱ्याला कुणी दोष देत नाही. खरं कारण मी सांगतो. बसलास आणि जमलं नाही तर काय, याची तुला धास्ती आहे. हुशार म्हणून गावात नाव आहे, ते पुसलं जाईल. म्हणून तू बसतच नाहीस. शंभराच्या आत नियम जमला की रेघा मारतोस आणि वही मिटतोस, कारण एकशे दहावर तो मोडतो. मोडू दे की! १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एकांपर्यंत कशी देखणी कमान चढते-उतरते. कापरेकरांनी यांना डेम्लो संख्या म्हटलं, डोंबिवलीच्या स्टेशनाच्या जुन्या नावावरून, तिथे कल्पना सुचली म्हणून. दहावा एक लाव आणि वर्ग कर. हातचा येतो आणि कमान मधोमध कोसळते, १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब, मध्ये दोन शून्यं. ज्याने नऊपर्यंत करून फोटो काढला त्याला फोटो मिळाला. ज्याने दहावा एक लावला त्याला कळलं की कमान कशावर उभी होती.

आता रडका चेहरा करू नकोस. काम सांगतो, ऐक.

तीन अंकांत असाच खेळ केला की सगळं ४९५ वर येतं, ते तू मनातल्या मनात करशील. दोन अंकांत येत नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ असं फिरत राहतं. पाच अंकांत? तिथेही एकच मुक्काम नाही. ५३९५५ घेतलास तर ५९९९४ मिळतात, आणि ५९९९४ घेतलास तर परत ५३९५५. हे एक चक्र. आणखी दोन चक्रं आहेत, प्रत्येकात चार संख्या. ती शोधून काढ. मी सांगणार नाही, आणि नेटवर बघितलंस तर मला कळेल, कारण मी पायऱ्या विचारणार आहे. मधला अंक वजाबाकीत टिकतो की गळतो, हे आधी अ, ब, क, ड, इ मांडून ठरव. मग किती जोड्या तपासाव्या लागतील ते मोज. मगच पहिली वजाबाकी कर. हाताने. प्रत्येक संख्येला पाच घरं आखून, रिकाम्या घरात शून्य लिहून.

रविवारी सकाळी नऊला ये. वहीत निदान चार पानं चुकलेली हवीत. सगळी पानं बरोबर असली तर मी समजेन तू कुठून तरी उतरवलंस. आणि कोरी वही घेऊन येणार असशील तर जिना चढू नकोस, खालूनच परत जा.